माया सोडून काप

मशीन घेतलंस ते बरं केलंस. पहिल्या महिन्यात तू पडद्यांच्या कडा दुमडशील, दुसऱ्यात उशांचे अभ्रे शिवशील, आणि तिसऱ्यात शाळेतून चिठ्ठी येईल की स्नेहसंमेलनात चिरंजीव मावळा होणार आहेत. त्या चिठ्ठीची वाट बघत बसू नकोस. चिठ्ठी नेहमी गुरुवारी येते आणि कार्यक्रम सोमवारी असतो, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, ड्रेस भाड्यानं मिळतात की, शिवायचा कशाला?" मिळतात ना. भाड्याचा मावळा म्हणजे भगव्या सॅटिनचा झब्बा, पाठीत चेन, छातीवर सोनेरी लेस आणि इलॅस्टिक लावलेली पगडी. काखेत आधीच्या दहा मावळ्यांचा घाम. पोराला त्याचं काही नसतं, हातात तलवार आली की स्वारी खूश. पण मशीन पोरानं नाही घेतलेलं, तू घेतलंयस. हौसेनं घेतलंयस. तर हौस नीट भागव.

मी काही शिकलेली शिंपीण नाही. शिवणक्लासला झबली-टोपडी, परकर आणि ब्लाउज एवढंच शिकले, बाकी सगळं उसवून उसवून शिकले. सांगलीत राहायचं, जिथं विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणलं त्या गावात, आणि वेषाची हौस नाही म्हणायचं, हे जमण्यासारखं नव्हतं. गणपतीतली नाटुकली, शाळांची संमेलनं, शिवजयंतीच्या मिरवणुका, हौशी मंडळींची राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं, असं करत चाळीसेक वर्षं गेली. जेवणाच्या टेबलावर कापड बेतलं, त्याच टेबलावर जेवलो. तुझ्या काकांच्या वरणात एकदा टाचणी सापडली होती, ती गोष्ट त्यांनी अजून सोडलेली नाही.

आता पहिलं ऐक. जुना पोशाख आजच्या ब्लाउजपेक्षा शिवायला सोपा असतो. तुला खोटं वाटेल. ब्लाउजला टक्स असतात, मुंढ्याचा गोल असतो, गळ्याचा खड्डा असतो, अर्धा इंच चुकलं तर अंगात शिरत नाही. अंगरखा, बाराबंदी, जामा यांचा मूळ बेत म्हणजे आयत, चौकोन आणि कळ्या. त्या काळी सूत हातानं कातलेलं, कापड हातमागावर विणलेलं. असल्या कापडाची चिंधी कोण वाया घालवेल? शिवणयंत्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आलं, सिंगरचं पेटंट १८५१चं. त्याआधी प्रत्येक टाका हातानं. म्हणून कात्री सरळ चालायची, आणि कपडा अंगाला बसवायचं काम कापणीऐवजी बंद करायचे. बाराबंदी हे नावच बघ: बंद बांधून बसवायचा कपडा. जेवून पोट वाढलं तर एक बंद सैल करायचा.

त्यामुळे तयार कुर्त्याचा पॅटर्न घेऊन त्याला 'ऐतिहासिक' करायला जाऊ नकोस. सगळे तिथंच फसतात. कुर्ता शिवतात, मग तो जुना दिसत नाही म्हणून वर लेस लावतात, तरी दिसत नाही म्हणून मोती, मग टिकल्या. कुर्ता तो कुर्ताच राहतो, फक्त लग्नातला होतो. पाठीत चेन लावलेला शिवकालीन अंगरखा बघितला की माझं डोकं फिरतं. चेन विसाव्या शतकातली, वेल्क्रो तर त्याहून अलीकडचं. शाळेतल्या घाईसाठी बंदांच्या खाली एखादं प्रेस बटण लपवलंस तर मी डोळे झाकीन. वेल्क्रोचा 'चर्र' आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत जातो, आणि तोही नेमका अफझलखानाच्या भेटीला.

अंगरख्यात एकच तुकडा असा आहे की तो समजला तर पुढचं सगळं समजतं. तो म्हणजे चौबगला. बाही आणि अंग यांच्या सांध्यात, बरोबर काखेखाली, चार इंचांचा एक चौकोनी तुकडा तिरका बसवतात. बाहेरून दिसतसुद्धा नाही. पण सरळ कापलेल्या बाहीला हात वर करायची मुभा तोच देतो. चौबगला न घालता शिवून बघ: पोरगं 'हर हर महादेव' म्हणून तलवार उचलेल आणि अख्खा अंगरखा बेंबीपर्यंत वर जाईल. शिवताना चारही बाजू एका दमात फिरवू नकोस. एकेक बाजू वेगळी शिव, आणि प्रत्येक बाजूच्या दोन्ही टोकांना अर्धा इंच टीप मोकळी सोड, दोरा उलट फिरवून पक्का कर. टीप कोपऱ्याच्या पुढं गेली की तिथं चुणी पडते आणि ती इस्त्रीनंही जात नाही. खडूनं कोपऱ्यावर ठिपके दे, ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत शिव. पहिले दोन चौबगले वाकडे येतील. तिसरा येईल.

आणि हे सगळं चांगल्या कापडावर करायचं नाही. आधी मांजरपाट. तीन मीटर मांजरपाट आण, रात्रभर पाण्यात भिजव, वाळव, इस्त्री कर आणि त्यावर कच्ची शिलाई घाल. मांजरपाटाचा अंगरखा पोराला घालून त्याला बसव, वाकव, पळव, पायरी चढव. कुठं ओढतं तिथं पेन्सिलनं खूण कर. मग उसव, आणि तेच तुकडे तुझा पॅटर्न. कागदाचा पॅटर्न फाटतो, मांजरपाट वीस वर्षं टिकतं. माझ्या पेटीत अशी गाठोडी आहेत, प्रत्येकावर मार्करनं लिहिलेलं: 'मावळा, वय ८', 'नाना, जाड', 'राक्षस, उंच'.

आता घेर. इथं थोडं गणित आहे, कागद-पेन्सिल घे. कापडाचा पन्हा ४४ इंच धरू. कमरेखालची लांबी २८ इंच हवी असेल तर शिवण आणि खालची दुमड धरून ३० इंच घे. त्या ३० इंचांच्या कापडाच्या १४-१४ इंच रुंदीच्या तीन उभ्या पट्ट्या पाड. २ इंच उरतील, ते टाकू नकोस, त्याचे बंद होतात. आता एका पट्टीवर वरच्या कडेला डावीकडून ४ इंचांवर खूण कर, खालच्या कडेला डावीकडून १० इंचांवर. दोन खुणा जोडणारी तिरकी रेघ मार आणि काप. दोन कळ्या झाल्या: एक वर अरुंद, खाली रुंद, दुसरी उलटी. उलटी फिरवून सुलट केली की दोन्ही सारख्या, चिंधीही वाया नाही. तीन पट्ट्यांच्या सहा कळ्या, असे दोन तुकडे घेतलेस तर बारा. शिवणीत दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच गेला की प्रत्येक कळी वर ३ इंच, खाली ९. वर ३६ इंच, खाली १०८, म्हणजे बरोबर तीन वार घेर. छाती २८ असलेल्या पोराला पुढं एकावर एक येऊन हा पुरतो. कापड लागलं ६० इंच, तू पावणेदोन मीटर घे, कारण दुकानदाराची कात्री कधी सरळ जात नाही.

कळ्या जोडताना एक सांभाळ. प्रत्येक कळीला एक कड सरळ आहे, एक तिरकी. तिरकीला सरळ जोड. तिरकी-तिरकी जोडलीस तर दोघी ताणतात आणि शिवण लोंबते. सगळा घेर जोडून झाला की लगेच खाली दुमड घालू नकोस, एक रात्र हँगरवर टांग. तिरक्या धाग्याचं कापड आपल्या वजनानं खाली उतरतं, कुठं कमी, कुठं जास्त. सकाळी पोराला घालून, जमिनीपासून पट्टीनं मोजून खडूची खूण कर, मग दुमड. ही एक रात्र चुकवलेले अंगरखे मला मिरवणुकीत लांबून ओळखू येतात.

हे कळ्यांचं शहाणपण मला कसं आलं, तेही ऐक. पहिल्यांदा हौशी नाटकातल्या सरदारासाठी मखमलीचा अंगरखा शिवायला घेतला. गडद हिरवी मखमल, तेव्हाच्या मानानं महाग. वर सांगितल्याप्रमाणं उलट-सुलट कळ्या पाडल्या, एक इंच वाया गेला नाही म्हणून मीच माझी पाठ थोपटली. रंगीत तालमीला दिवे लागले आणि सरदार कलिंगडासारखे दिसायला लागले: एक कळी गडद, एक फिकी, एक गडद, एक फिकी. मखमलीला लव असते. लव वर वळलेली असली तर रंग खोल दिसतो, खाली असली तर पांढुरका. माझ्या निम्म्या कळ्यांची लव वर, निम्म्यांची खाली. दिग्दर्शक म्हणाले, "वहिनी, हे मुद्दाम आहे का?" मी म्हटलं, "हो." प्रयोग तसाच झाला. तेव्हापासून लवेचं कापड असलं की सगळ्या कळ्या एकाच दिशेनं कापते, कापड जास्त गेलं तरी चालेल. हात फिरवून बघ: मांजर कुरवाळताना हात ज्या दिशेला घसरतो ती लवेची दिशा, तिथं कापडाच्या मागं खडूनं बाण काढ. आणि मखमलीला सुलट्या बाजूनं इस्त्री कधी नको. टॉवेलवर तोंड खाली करून, मागून, वाफेनं.

शिवण्याआधी बघायचं काय, हे तू विचारलंच नाहीस, म्हणजे मोबाइलवर मालिकांचे फोटो साठवून ठेवले असशील. पुसून टाक. मालिकेतला पोशाख कॅमेऱ्यासाठी असतो, आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या बायकांच्या अंगावर परवाच्या यंत्रावरची लेस असते. खरी चित्रं बघ. शिवाजी महाराजांची समकालीन दख्खनी चित्रं अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, इंटरनेटवर मोठी करून बघता येतात. अंगात जामा, कमरेला पटका, डोक्यावर तुरा खोवलेली पगडी. पेशवाईचं काही करायचं असेल तर जेम्स वेल्स या चित्रकारानं १७९२ साली काढलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र बघ. मुंबईला गेलीस तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय. वाईजवळ मेणवलीला नानांच्या वाड्यातली भिंतीवरची चित्रं तर तुझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर. कपाटातल्या कपड्यापाशी गेलीस तर समोरून बघून पुढं सरकू नकोस. खाली वाक, बाजूनं बघ. काखेचा जोड कुठं आहे, बंद किती आहेत, अस्तर कुठल्या रंगाचं आहे. पुढची बाजू सगळेच बघतात.

बंद कुठल्या बाजूला, हेही बघ. मुघल काळातल्या चित्रांत हिंदू सरदारांचा जामा डाव्या बगलेखाली बांधलेला असतो आणि मुसलमानांचा उजव्या. एवढ्याशा गोष्टीवरून चित्रातला माणूस ओळखतात. इंटरनेटवरचे फोटो कधी कधी आरशातल्यासारखे उलटलेले असतात, तेव्हा आधी तलवार कुठल्या हातात आहे ते तपास. सगळी फौज डावखुरी दिसली तर फोटो उलटा आहे.

कापडाबद्दल थोडक्यात. चमक विकत घेऊ नकोस, वजन विकत घे. सुती पॉपलिन, खादी, जाड केंब्रिक, मशरू, हिमरू मिळालं तर फारच छान. मुंबईत मंगळदास मार्केटला कापड आणि भुलेश्वरला काठ-गोट-बटणं, पुण्यात लक्ष्मी रोड, तुळशीबाग, रविवार पेठ. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना 'गांधी'च्या वेषभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळालं, जॉन मोलो यांच्यासोबत. भारताचं पहिलं ऑस्कर. त्या चित्रपटात किनखाब किती आहे आणि खादी-धोतरं किती, ते एकदा मोजून बघ.

जरीच्या काठासाठी फाटलेल्या साड्या वापर. दुकानातली नवी लेस पिवळी धमक असते, जुन्या साडीची जर थोडी काळवंडलेली असते आणि तीच हवी. पण आजीच्या पैठणीला कात्री लावलीस तर माझ्याशी बोलू नकोस. फाटकी असेल तरी नाही. रफू कर आणि ठेव.

रंगाचं एक सोपं गणित आहे. रासायनिक रंग १८५६ साली आला: पर्किन नावाचा अठरा वर्षांचा इंग्रज पोरगा हिवतापाचं औषध करायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. त्याच्या आधीचा पोशाख असेल तर नीळ, मंजिष्ठेचा लाल, हळदीचा पिवळा, काताचा तपकिरी, हिरडा आणि लोखंडाचा काळा, आणि यांच्या मिश्रणातून निघणारे. हे रंग दबके नसतात, चांगले झणझणीत असतात. पण बसस्टॉपवरच्या जाहिरातीसारखे चमकत नाहीत. नव्या पांढऱ्या कापडाचा कोरेपणा मोडायचा असेल तर चहाच्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडव. चहा सुती कापडावर चढतो, पॉलिस्टरवर नाही. मावळा डोंगर चढून आलाय, त्याचे कोपर आणि गुडघे थोडे झिजलेले हवेत: सँडपेपर हलका फिरव. शिवून झाल्यावर फिरव, आधी नाही.

आता जे सांगते ते विसरलीस तर बाकी सगळं विसरलीस तरी चालेल. कापड घेताना त्याचा एक धागा काढून काडीनं जाळून बघ, सिंकवर, चिमट्यात धरून. सूत कागदासारखं जळतं आणि राख होते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळतं, त्याची टणक गोळी होते. वितळणारं कापड अंगाला चिकटतं. पोराच्या हातात मशाल, पणती, आरती असेल किंवा शेकोटीचा प्रसंग असेल तर त्याच्या अंगावर सुती कापडच हवं, आणि पेटलेली मशाल तर नकोच. बाहीचं टोक लोंबतं ठेवू नकोस. शिक्षिका म्हणाल्या, 'दिसायला छान दिसतं', तरी नको. इथं मी ऐकत नाही.

आणि दुसरं असंच: पोराला एकट्याला लघवीला जाता आलं पाहिजे. हसू नकोस. कार्यक्रम चारचा, पोरांना बाराला तयार करून बसवतात. चोळणा-सुरवारीला नाडी, ती गाठ त्याला स्वतःला सुटते का बघ, नाहीतर नेफ्यात इलॅस्टिक घाल आणि वरून नुसती दिखाऊ नाडी सोड. एकदा एक छोटा तानाजी कोंढाणा सर करायच्या आधीच रडत घरी गेला होता. तो वेष मीच शिवला होता.

चुडीदार शिवायचा तर उरेबच कापायचा, सरळ कापडाचा चुडीदार गुडघ्यात अडकतो. पायाच्या लांबीपेक्षा आठ-दहा इंच जास्त ठेव, त्याच्याच चुड्या होतात. माप घोट्याचं नाही, टाचेवरून घ्यायचं.

डोक्याचं मी फार सांगत नाही. फेटा बांधता येत असेल तर फेटा. मुलाच्या डोक्याला जुन्या मऊ सुती नऊवारीचा अर्धा भाग पुरतो, आणि आतून बांधताना आधी कानाच्या वर घट्ट एक वेढा, मग बाकीचे. पुणेरी पगडी घरी करायला जाऊ नकोस. ते वेगळ्या माणसांचं काम आहे, तिला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय, विकत घे. पायात पांढरे स्पोर्ट शूज मात्र मला दिसता कामा नयेत. सगळी मेहनत गुडघ्याखाली वाया जाते.

तुझ्या लेकीचा फोन आला होता. तिला कुठल्याशा गेममधली ड्रॅगनशी लढणारी बाई व्हायचंय आणि मुंबईच्या कॉमिक कॉनला जायचंय. तिला वाटलं आजी हसेल. मी कशाला हसू? भाव्यांच्या नाटकांतसुद्धा राक्षस होतेच की. काल्पनिक वेषाला एकच जास्तीचा नियम: तो कुठंही अस्तित्वात नाही, म्हणून तो खरा वाटायला हवा. कपड्याचा आतला बेत खऱ्या कपड्याचाच ठेवायचा. तिच्या बाईला बाराबंदीच शिवून दे, बाहेर काय लावायचं ते तिचं ती बघेल. दिलीप प्रभावळकरांनी 'अलबत्या गलबत्या'त गाजवलेल्या चेटकिणीची आठवण झाली की आमच्या घरच्या पोरी अजून चेटकीण व्हायचं म्हणतात. चेटकिणीच्या झग्यालाही कळ्याच लागतात, फक्त काळ्या, आणि खालची कड मुद्दाम फाटकी.

चिलखत हवंय म्हणाली. लोखंडी कड्यांचं करायला गेली तर सहा महिने जातील आणि खांदे दुखतील. नाटक-सिनेमावाले जुनी युक्ती करतात: जाड करड्या लोकरीचं, मोठ्या सुयांवर, सगळ्या ओळी सुलट विणायच्या. मग ब्रश रुपेरी रंगात बुडवून कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि विणीच्या उंचवट्यांवरून हलका फिरवायचा. खाचांतला करडा तसाच राहतो. दहा फुटांवरून कडी दिसतात. विणणारी आजी घरात आहेच. खांद्याचं आणि छातीचं कवच फोमच्या शीटचं. पाच-सहा मिलिमीटर जाडीचं घे. हीट गननं किंवा चांगल्या हेअर ड्रायरनं गरम करून गुडघ्यावर वाकवलं की तो आकार राहतो. वरून पाणी घातलेल्या फेविकॉलचे तीन-चार हात देऊन मग रंग दे, नाहीतर फोम सगळा रंग पिऊन टाकतो. चिकटवायचा गम खिडकी उघडी ठेवूनच वापर, वासानं डोकं धरतं. शेपटी असेल तर ती कपड्याला शिवायची नाही, आतल्या पट्ट्याला बांधायची. पंख असतील तर आधी दाराची रुंदी मोज, मग रिक्षाची.

मशीनबद्दल दोन शब्द. प्रत्येक नव्या वेषाला नवी सुई घाल, दहा-वीस रुपयांसाठी रडू नकोस. पातळ कापडाला ११ नंबर, नेहमीच्या सुतीला १४, जाड शिवणींना १६. चार पदरांच्या जोडावर मोटारीचा पाय सोड आणि चाक हातानं फिरव. किनखाबाच्या कडा कापल्या कापल्या सुटतात, म्हणून कापायच्या आधी खडूच्या रेघेवर आतून फेविकॉलचा पातळ हात देऊन वाळव, मग काप. आणि अंगुस्तान वापर. मी वापरत नव्हते, माझं मधलं बोट बघितलंयस ना?

आता ते, ज्यासाठी एवढं लिहायला बसले. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राहतं त्याला आपण माया म्हणतो. मी दहा वर्षांची असताना आईनं पहिल्यांदा हातात कात्री दिली आणि म्हणाली, "माया सोडून काप." मला वाटलं, निष्ठुर होऊन काप म्हणतेय. मी डोळे मिटून खडूच्या रेघेवरच कापलं. परकर मला कधी शिरलाच नाही, बाहुलीला झाला.

नेहमीच्या कपड्याला अर्धा इंच माया पुरते. हौसेच्या वेषाला बाजूच्या शिवणींत दीड इंच ठेव, बाहीच्या टोकाला आणि खाली तीन इंच. जाड वाटलं तर वाटू दे, धावदोऱ्यानं आत टाचून टाक. आमच्या घरचा निळा अंगरखा आधी तुझ्या मामेभावाला शिवला, मग दोन वर्षांनी उसवून तुझ्या धाकट्या भावाला, मग शेजारच्या मुलीला, कारण तिला जिजाऊ नको, शिवाजीच व्हायचं होतं. परवा तो पुन्हा काढला. बाजूची शिवण उसवली तर आत निळ्याच्या तीन पट्ट्या दिसतात: सगळ्यात बाहेरची धुऊन धुऊन आकाशी झालेली, मधली जरा गडद, आणि सगळ्यात आतली, जी अजून कधी उजेडात आलीच नाही, ती दुकानातून आणली तेवढी निळी. जुन्या टिपांची भोकं ओळीनं तशीच आहेत. अजून पाऊण इंच शिल्लक आहे.

तुझ्या लेकाला तो बसेल असं वाटतं, पण फोनवरून माप घेता येत नाही. शनिवारी ये. येताना भिजवून वाळवलेलं मांजरपाट आण, चांगली कात्री आण, जिनं घरात कुणी कागद कापलेला नाही अशी, आणि पोराला सोबत आण. तलवार आणली तरी चालेल.